जोडा जमवताना

तुमचं बिऱ्हाड अमेरिकेत आहे, मुलगा पंधराव्या वर्षीच सहा फूट आठ इंच झालाय, दाराच्या चौकटीला कपाळ आपटतो आणि बास्केटबॉल बरा खेळतो? अभिनंदन. घरात लगीनघाई सुरू झाली समजा. लग्न मुलाचं नाही, त्याच्या पायांचं. आधी जोडा जमतो, कॉलेज मागाहून.

पहिला प्रश्न गोत्राचा. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात, तिथे सगोत्रच करतात. गोत्रं मुख्यतः तीन: नायकी, आदिदास, अंडर आर्मर. उन्हाळ्यात तिघांच्या आपापल्या स्पर्धा भरतात आणि त्यांत शाळकरी पोरांचे संघ उतरतात. हा दाखवण्याचा कार्यक्रम. कांदेपोहे नसतात, पण बूट, कपडे, पिशव्या सगळं घरच्यासारखं. पोरगा नववी-दहावीत आदिदासच्या संघाकडून खेळला असेल, तर पुढे आदिदासशी करार असलेल्याच विद्यापीठात नांदायला गेलेला बरा दिसतो. सक्ती मुळीच नाही. तुम्ही दुसऱ्या गोत्रातलं स्थळ धरलंत तर फक्त त्या उन्हाळी संघाच्या प्रशिक्षकाचा चेहरा पडतो, कारण बुटांची खोकी त्याला पुढच्या वर्षीही हवी असतात. मुलगा एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, चमकला तर त्याच्या नावाचा बूट कोण काढणार, याची बोलणी त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून चाललेली असतात. तुम्ही मध्ये बोलू नका.

ही रीत घालणाऱ्यांत सॉनी व्हॅकारो या गृहस्थाचा मान पहिला. १९७७ साली तो नायकीत शिरला. हिशेब सरळ होता. खेळाडूला पैसे देणं तेव्हा नियमात बसत नव्हतं, प्रशिक्षकाला देणं बसत होतं. तेव्हा पैसे प्रशिक्षकाला आणि बूट पोरांना. पोरं घालणारच, त्यांना विचारतंय कोण? २००१ मध्ये नाइट कमिशनच्या, म्हणजे कॉलेजातले खेळ सुधारायला बसलेल्या समितीच्या, सुनावणीत त्याला कुणीतरी विचारलं, विद्यापीठांनी तुमच्या धंद्याची जाहिरात का करावी? तो म्हणाला, करूच नये. पण तुम्ही स्वतःला विकून बसला आहात आणि या खोलीतला एकही जण आमचे पैसे नाकारणार नाही. इतकं उघडं बोलणं लग्नघरात शोभत नाही. तुम्ही असं काही बोलू नका.

आता देण्याघेण्याचं. इथे शब्द फार जपावे लागतात. कंपनीने पैसा विद्यापीठाला दिला तर तो करार. प्रशिक्षकाला दिला तर मानधन. आणि मुलाच्या बापाला दिला तर एफबीआय.

खोटं वाटत असेल तर लुईव्हिलचं स्थळ बघा. २०१७ च्या उन्हाळ्यात आदिदासने या विद्यापीठाशी दहा वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. मांडव, वाजंत्री, फोटो, सगळं झालं. त्याच उन्हाळ्यात एका नावाजलेल्या पोराने लुईव्हिलला होकार कळवला होता आणि त्याच्या वडिलांना एक लाख डॉलर चार हप्त्यांत पोचवायचं ठरलं होतं. पहिला हप्ता पोचला. मग २६ सप्टेंबरला दहा जणांना अटक झाली. त्यांत आदिदासचा जेम्स गॅटो होता आणि चार विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षकही होते. लुईव्हिलचे मुख्य प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं असं सांगितलं. त्यांच्यावर फौजदारी आरोप झाला नाही, नोकरी मात्र गेली.

खटल्यात फसवणूक कुणाची झाली होती, ओळखा. पोराची? छे. तो लुईव्हिलकडून एकही सामना न खेळता शेवटी सिडनीच्या संघात गेला, त्याचं काय एवढं! फसवणूक झाली होती विद्यापीठांची. बापाने पैसे घेतल्यामुळे पोरगा नियमाने बाद, आणि त्या बिचाऱ्या विद्यापीठाने बाद पोराला शिष्यवृत्ती देऊ केली! केवढं हे नुकसान. १६ कोटी घेणारा हात तसाच राहिला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मॅनहॅटनच्या ज्युरीने गॅटोला आणि आणखी दोघांना दोषी ठरवलं. पुढच्या मार्चमध्ये गॅटोला नऊ महिने आणि बाकीच्या दोघांना सहा-सहा महिने कैद झाली, वर विद्यापीठांना भरपाईही द्यायची होती.

पीडितांच्या यादीत कॅन्सस विद्यापीठही होतं. त्याने या धक्क्यातून सावरायला किती वेळ घ्यावा? शिक्षा मार्चमध्ये झाली. एप्रिलमध्ये कॅन्ससने आदिदासशी १४ वर्षांचा, १९ कोटी ६० लाख डॉलरचा करार पक्का केला. सासरच्यांनी छळलं म्हणून कोर्टात जायचं आणि पुढच्याच महिन्यात त्याच घरचा चुडा भरायचा, याला काळीज लागतं.

हल्ली रीत थोडी सुधारली आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे घेता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठंही वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर थेट खेळाडूंमध्ये वाटू शकतात. म्हणजे पाकीट तेच, फक्त आता पावती मिळते. तेव्हा वकील नेमा, फोनवर 'आहेर' म्हणू नका, 'प्रतिमेच्या वापराचं मानधन' म्हणा. चार वर्षं आधी, २०१७ मध्ये, गॅटो असं बोलला असता तरी उपयोग झाला नसता, पण तुमची वेळ चांगली आहे.

आणि बूट मात्र तपासून घ्या. २० फेब्रुवारी २०१९ ला ड्यूक विद्यापीठाचा गाजलेला खेळाडू झायन विल्यमसन नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्ध उतरला. बराक ओबामा प्रेक्षकांत बसले होते. पहिलं मिनिटही पुरं झालं नव्हतं, तोच वळताना पायातला नायकीचा बूट उसवला आणि पाऊल बाहेर आलं. गुडघा दुखावला, काही सामने हुकले. तो बूट मिरवण्याबद्दल नियमाने त्याला दमडीही घेता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी गुडघ्याइतकीच विचारपूस नायकीच्या शेअरची झाली. तो टक्काभर घसरला होता. जुलैत झायनने सोयरीक केली ती नायकीच्याच जॉर्डन ब्रँडशी. जोडा फाटला, पण जोडा टिकला.

तेवढं मुलाच्या पायाचं माप काढून ठेवा. या वयात ते दर सहा महिन्यांनी बदलतं, आणि पाहुणे कधीही येतील.