युनिकोडमध्ये शुद्ध मराठी लिहिता येतं

‘युनिकोडमध्ये शुद्ध मराठी टाइप होत नाही. ऱ्य येत नाही, ॲ येत नाही, जोडाक्षरांसाठी कोड पाठ करावे लागतात, इनस्क्रिप्ट शिकण्यात महिने जातात. त्यापेक्षा जुना फॉन्टच बरा.’ या अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक प्रमाण पद्धत आणि इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक.) त्यावर विसंबून आजही कितीतरी परिपत्रकं, इतिवृत्तं आणि अंकांचे लेख कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत तयार होतात. नुकसान मराठी मजकुराचंच होतं, म्हणून हे मुद्दे तपासायला हवेत.

आधी ऱ्य. विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी ‘जे’ (J) या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, ‘डी’ (D) वर, य तिरक्या रेघेच्या (/) कळीवर. आता ‘दर्या’ लिहायचं तर ओ, जे, डी, तिरकी रेघ, ई. ‘दऱ्या’ लिहायचं तर याच पाच कळा, फक्त जे दाबताना शिफ्ट धरायची. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांच्यात एका शिफ्टचं अंतर आहे. वेगळा फॉन्ट नको, वेगळं सॉफ्टवेअर नको. सुऱ्या, वाऱ्यावर, करणाऱ्या, सगळं याच रीतीने येतं.

जोडाक्षरांसाठी कोड लागतात हे तर साफ चूक. ‘स्त्री’ म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. बाराखडी येणाऱ्या माणसाला हे नव्याने शिकावं लागत नाही. क्ष, ज्ञ, त्र, श्र तर आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह तयारच आहेत. आल्ट धरून आकडे दाबायची पद्धत खरी आहे, पण ती अंश-चिन्हासारख्या खुणांसाठी (आल्ट आणि ०१७६), तीही उजवीकडच्या अंकपट्टीवर. लॅपटॉपला ती पट्टी नसेल तर विंडोजची कळ आणि पूर्णविराम दाबा, चिन्हांचा तक्ता उघडतो. ₹ साठी इंग्रजी (इंडिया) कळफलक निवडून कंट्रोल, आल्ट आणि ४.

ॲ ची तक्रार मात्र अर्धी खरी आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टांत तिथे रिकामा चौकोन दिसतो. उपाय फॉन्ट बदलण्याचा आहे, युनिकोड सोडण्याचा नाही. अ ला वेगळा चंद्र जोडून काम भागवू नका. डोळ्यांना ते सारखं दिसलं तरी शोधताना संगणक दोन्ही वेगळं धरतो. कळफलकावर ॲ सापडत नसेल तर वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये एकदा नोंद करून ठेवा.

शिकायला महिने? स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ग-घ, त-थ, द-ध, प-फ यांचंही तसंच. महाप्राण अक्षराला शिफ्ट. इतकी सुसूत्र मांडणी इंग्रजी कळफलकाचीही नाही. शिवाय गुजराती, बांगला, कन्नड यांच्या इनस्क्रिप्टमध्येही क त्याच कळीवर असतो. तरीही रोमनचीच सवय असेल तर विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, कळफलक आहे. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार.

आता ‘जुना फॉन्टच बरा’. मला सर्वात जास्त खटकतं ते हेच. अशा फाइलमध्ये मराठी नसतंच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळा कचरा. देवनागरीत शब्द टाइप करून कंट्रोल-एफने शोधला तर सापडत नाही, इंटरनेटवरच्या शोधात तो लेख येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर ती रोमन अक्षरंच वाचत बसतो. ज्या मजकुरासाठी शुद्धलेखनाचा एवढा आग्रह, तो वीस वर्षांनी वाचायचा कसा?

जुन्या फाइली टाकून द्यायची गरज नाही. त्यांना युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तकं मिळतात. फक्त बदलल्यानंतर ऱ्य, रफार आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागा डोळ्यांखालून घाला. चुका राहतात त्या बहुधा तिथेच.