शून्य भरायलाही माणूस लागतो

इंग्लंडमधल्या विद्यापीठांकडून दरवर्षी एक वेगळाच हिशेब मागितला जातो. तुमच्या ज्ञानाचा वर्गाबाहेर कुणाला काय उपयोग झाला, ते आकड्यांत सांगा. एचई-बीसीआय सर्वेक्षण म्हणतात त्याला. पूर्वी हेसा ही संस्था तो गोळा करायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती जिस्क या विद्यापीठांच्या डिजिटल सेवा बघणाऱ्या संस्थेत विलीन झाली, पण फॉर्म काही सुटला नाही.

मी इथल्या एका छोट्या कलासंस्थेत आकडेवारीचं काम बघते. मोठ्या विद्यापीठात या कामाला स्वतंत्र विभाग असतो, त्याच्या दिमतीला सॉफ्टवेअर असतं. आमच्याकडे मी आहे. प्रवेशाची आकडेवारी, नोकरभरतीची आकडेवारी आणि हाही फॉर्म, सगळं एकाच टेबलावर. घरी दिवाळीचा फराळ चालू असतो तेव्हा मी जुनी बिलं चाळत बसलेली असते.

बिलं चाळायची म्हणजे काय, ते सांगते. एका नाटक कंपनीने आमचा तालमीचा स्टुडिओ चार दिवस भाड्याने घेतला. हे मोजायचं का? स्टुडिओ खास सोयींचा असेल तर हो. तोच हॉल कुणी योगवर्गाला घेतला तर नाही, ते नुसतं भाडं. बरं, मोजायचं ठरलं. आता ती कंपनी २५० माणसांपेक्षा लहान आहे का? असेल तर लघु-मध्यम उद्योगाच्या रकान्यात. पण ती धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली निघाली, तर तिसऱ्याच रकान्यात. एवढ्यासाठी मी संध्याकाळभर नोंदणीच्या वेबसाइट धुंडाळते, आणि बिल असतं १८० पौंडांचं!

पेटंट, स्पिन-ऑफ म्हणजे संशोधनातून निघालेल्या कंपन्या, परवान्यांचं उत्पन्न या पानांवर तर आमची शून्यंच शून्यं. पण शून्य लिहिण्याआधीही प्रत्येक विभागाला विचारावं लागतं, उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारावं लागतं.

सगळ्यात मजेशीर तक्ता आहे सार्वजनिक कार्यक्रमांचा. किती लोक आले आणि प्राध्यापकांचे किती दिवस खर्ची पडले, ते लिहायचं. वृद्धाश्रमात जाऊन गाणी बसवणाऱ्या आमच्या एका बाईंना मी दिवस विचारले. त्या म्हणाल्या, "तयारीचे धरायचे की फक्त गाण्याचे?" प्रश्न रास्त होता. आम्ही दोघींनी मिळून एक आकडा ठरवला. दुसऱ्या संस्थेत दुसऱ्या दोघींनी दुसराच ठरवला असणार, आणि तो खोटाही नसणार.

खरी गोम पुढे आहे. उद्योग-समाज संपर्कासाठीचा जो निधी मिळतो, हाइफ, त्याचं सूत्र मुख्यतः उत्पन्नावर चालतं. छोट्या उद्योगांकडून आलेल्या पौंडाला दुप्पट वजन, पण पौंड यायला तर हवा. वृद्धाश्रमातल्या गाण्याला बिल नसतं. त्यात सूत्राला वर्षानुवर्षं अडीच लाख पौंडांचा उंबरठा. सूत्राने निघणारी रक्कम तेवढी भरली नाही तर हाती काहीच नाही. फॉर्म मोठ्यांचा, निधीही मोठ्यांचा. आमच्या वाट्याला फक्त पडताळणीचे ईमेल.

म्हणून "छोट्यांना यातून सरळ वगळा" असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. आकड्यांत नसलेली संस्था मंत्रालयाच्या लेखी काहीच करत नसते, आणि कपात आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर. मग मार्ग काय? विद्यापीठांच्या याच बाहेरच्या कामाचं केईएफ नावाचं जे मूल्यमापन २०२१ पासून प्रसिद्ध होतं, त्यातले आकडे तीन वर्षांच्या सरासरीचेच असतात. मग छोट्या संस्थांकडून तीन वर्षांतून एकदाच पूर्ण फॉर्म घ्या. मधल्या दोन वर्षांत फक्त एकूण उत्पन्न आणि फारसा बदल नसल्याचं एक पान पुरे.

गावाकडच्या कॉलेजात नॅकचं, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचं, काम बघणारी माझी मावसबहीण हे ऐकून हसली. तिच्याकडे दरवर्षी एक्यूएआर हा गुणवत्तेचा वार्षिक अहवाल, आणि वृक्षारोपणाचेसुद्धा जिओटॅग केलेले फोटो. "तुला निदान झाडाबरोबर उभं राहावं लागत नाही," म्हणाली.

तीन वर्षांतून एकदाच फॉर्म घ्या म्हटलं की मोठ्या विद्यापीठांतल्या लोकांचं ठरलेलं उत्तर म्हणजे, सवलत दिली तर तुलना बिघडेल. कुणाशी तुलना? केईएफमध्ये कलासंस्थांचा गट आधीच वेगळा आहे. आमची तुलना ऑक्सफर्डशी होतच नाही, फॉर्म तेवढा ऑक्सफर्डचा भरावा लागतो.