समुद्री काकडीच्या पेप्टाइडवाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच फॉरवर्ड तीन जणांनी टाकलाय. समुद्री काकडीचे पेप्टाइड, रोज एक चमचा पावडर, बीपी, शुगर, गुडघे, कॅन्सर सगळं बरं, साइड इफेक्ट शून्य, आणि माल म्हणे आपल्याच लक्षद्वीपचा. आत्याने तर विचारलंय सोमवारच्या उपवासाला चालेल का.

आधी उपवासाचं. आत्या, नावात काकडी असली तरी तो प्राणी आहे गं, तारामाशाच्या भाऊबंदांपैकी. नाही चालणार.

बीपीचं थोडं खरं आहे आणि तिथेच माणूस फसतो. समुद्री काकडीच्या अंगातलं प्रोटीन एन्झाइम घालून तोडलं की काही तुकडे, म्हणजेच पेप्टाइड, बीपी वाढवायला मदत करणाऱ्या एसीई नावाच्या एन्झाइमला अडवतात, हे परीक्षानळीत आणि उंदरांमध्ये दिसलंय. पण आपल्या पोटात गेल्यावर त्यातल्या बहुतेकांचं डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचन होतं, अगदी छोटे दोन-तीन अमिनो आम्लांचे (म्हणजे प्रोटीनच्या साखळीतल्या मण्यांचे) तुकडे काही प्रमाणात शोषले जातात तेवढेच. इन्सुलिन पण पेप्टाइडच, ५१ अमिनो आम्लांचं, ते चमच्याने खाऊन भागलं असतं तर काका रोज पोटाला सुई टोचत बसले असते का? ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातून बीपी उतरवणारं पेप्टाइड मिळालं होतं, ते पण इंजेक्शननेच चालायचं, तोंडाने नाही, म्हणून वेगळा छोटा रेणू बनवावा लागला, तेच कॅप्टोप्रिल नावाचं बीपीचं औषध, १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

गुडघ्यांचा मुद्दा असा, की समुद्री काकडी स्वतःचं आतडं परत उगवते म्हणून आपली झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, पण भरून येईल. आतडं उगवतं हे खरंय, घाबरली की ती आतडी बाहेर टाकते आणि काही आठवड्यांत नवीन येतात. पण शेपूट तर पालीची पण परत येते, म्हणून पाल खाल्ली तर आपल्याला शेपूट फुटेल का! तिच्या अंगातलं प्रोटीन मुख्यतः कोलॅजन असतं, पायाच्या सूपमध्ये असतं तेच, आणि कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे "परिपूर्ण प्रोटीन" वगैरे पण सोडा.

कॅन्सरच्या पेशी मेल्याचे जे प्रयोग फिरवतात त्यातले बरेचसे फ्रोंडोसाइड ए सारख्या सॅपोनिनचे, म्हणजे तिच्या अंगातल्या साबणासारख्या रसायनांचे आहेत, पेप्टाइडचे नाहीतच, आणि ही सॅपोनिन लाल रक्तपेशी पण फोडू शकतात.

साइड इफेक्ट शून्य? तिच्या अंगात रक्त गोठू न देणारा एक पदार्थ पण असतो. ज्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि लक्षद्वीपचा माल म्हणजे कमालच. २००१ मध्ये समुद्री काकडी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, वाघाच्या रांगेत टाकली, तेव्हापासून पकडणं-विकणं गुन्हा, आणि लक्षद्वीपला तर २०२० मध्ये खास तिच्यासाठी राखीव क्षेत्र केलंय. ज्यांनी डबा मागवलाय त्यांनी तो उघडायच्या आधी विकणाऱ्याकडे एवढंच मागा, माल कुठून आला ते लिहिलेलं पक्कं बिल.