मधे काय झालं?

लातुरात ड्रॉइंगचा मास्तर म्हणून नांदायचं तर दोन डोंगरांशी जमवून घ्यावं लागतं. कोणत्याही लेकराच्या हातात कागद द्या, आधी दोन टोकदार डोंगर उभे राहतात. मग मधून हसरा सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी नारळ. आम्ही राहतो बालाघाटाच्या पठारावर, इथले डोंगर माथ्याला सपाट. नारळ दिसतो तो देवळापुढं, तोही फुटायच्या तयारीत. उन्हाळ्यात मांजरेच्या पात्रात क्रिकेट चालतं. आणि मे महिन्यातल्या आमच्या सूर्याला हसताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

शासकीय रेखाकला परीक्षेत स्थिरचित्राचं कसंबसं निभतं. तांब्या आणि दोन कांदे समोर ठेवले की पोरं काढतात. स्मरणचित्राला समोर काहीच ठेवता येत नाही, आठवावं लागतं. या परीक्षेच्या इंटरमिजिएट पातळीला अ श्रेणी आली की दहावीला ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३. त्यामुळं एरवी लेकराला "गप बस" म्हणणाऱ्या आईबापालाही त्याच्या आठवणींत एकदम गोडी वाटायला लागते.

"सर, आमच्याकडं काहीच होत नाही." हे वर्गातलं एकमुखी उत्तर.

मग मी फौजदार होतो आणि येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात होणाऱ्या आमच्या सणाचा, विषय काढतो. "येळवशीला शेतात गेलतास ना? काय केलंस?"

"जेवलो."

"मग?"

"झोपलो."

"आणि मधे?"

"मधे मोहोळ उठलं."

हे तो असं सांगतो, जसं काही दर अमावस्येला उठतंच. खोदत गेलो तेव्हा कळलं की कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी आणि आंबील वाढून झाली, तेवढ्यात कुणीतरी चहासाठी आंब्याखाली चूल पेटवली. वर आग्या मोहोळ. धूर वर गेला, माशा खाली आल्या. पाहुण्यारावळ्यांसकट सगळं खानदान घोंगड्या, सतरंज्या डोक्यावर घेऊन ज्वारीतून पळालं. एकटी आजी आंबिलीच्या बिंदगीला, म्हणजे मडक्याला, हात लावून बसून राहिली, सांडंल म्हणून. आणि हे पोरगं म्हणतं, काहीच होत नाही!

मी म्हणालो, आता आगपेटीएवढ्या चार चौकटी आख आणि चारी चौकटींत हेच वेगवेगळं मांडून बघ. तू कुठून बघत होतास? ट्रॅक्टरखालून? मग चाक पुढं मोठं येऊ दे. कोण महत्त्वाचं? आजी. ती जवळ, मोठी. पळणारे लांब, बारके. जमीन काळी रंगव, आपली माती चॉकलेटी नाही. पोरगं चांगलं रंगलं. पुन्हा येऊन बघतो तर आजीच्या मागं दोन डोंगर.

"हे कुठून आले?"

"मागं मोकळं दिसूलालतं, सर."

दुसरी एक पोरगी टँकरची आठवण घेऊन आली होती. लहानपणी रांगेत आईचा पदर धरून उभी असायची, त्यामुळं तिच्या चित्रात माणसांना तोंडंच नव्हती. नुसत्या घागरी, प्लास्टिकचे हंडे, लुगड्यांचे काठ आणि चिखलातल्या चपला. क्षितिजरेषा कुठं धरायची हे मला वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवून जमलं नाही, ते तिनं सहज साधलं होतं. मी खूश. तिचे वडील मात्र नाराज. "टँकर काय काढायचा, सर? रेल्वे काढायला लावा. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आलती, देशभर नाव झालं लातूरचं." तहानेनं झालेल्या नावाचाही अभिमान बाळगणारे आम्ही लोक. "हिनं रेल्वे पाहिली का?" म्हटलं तर म्हणाले, "मी पाहिली की! मी सांगतो, ती काढंल."

येळवशीचं चित्र पुरं झालं आणि त्या पोराच्या घरचे बघायला आले. सोबत खुद्द आजी. त्यांनी चष्मा पुसून चित्र जवळ घेतलं. आधी "नाकात नथ कुठाय माझ्या?" झालं. मग बराच वेळ बघून म्हणाल्या, "ही मी न्हाई. मी तर सगळ्यांच्या आधी पळाले."

पोरगं गांगरलं. "मग बिंदगीपाशी कोण होतं?"

"तुझा बाप! टोपलं डोक्यावर पालथं घालून बसलता, आणि आत बसून 'आई, आई' करूलालता."

आठवणीचा मालक मीच, हे पोराला मी शिकवलेलं. आता ते माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हटलं, आजी म्हणतात ते खरं धरू, चित्र जास्त चांगलं होईल. पोरानं लगेच खोडरबर उचललं, आजीला पुसलं आणि एक मोठं टोपलं आखलं. खाली दोन पाय.

तेवढ्यात वडील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, पेपर तपासणारे आपल्या जिल्ह्यातले तर नसतात ना?"