क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत? तसं नाहीये

आपल्या रामबागेतल्या ग्रुपवर दोन दिवसांपासून फिरतंय की रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल आलं की किडनी ठणठणीत, लघवीची तपासणी उगाच पैसे उकळायला. हे चूक आहे हो, कृपा करून पुढे पाठवू नका.

क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीला अचानक इजा झाली तर ते वाढायला 24 ते 48 तास जातात, तोवर एनगॅल नावाचं प्रोटीन लघवीत काही तासांतच वाढलेलं असतं (पण लघवीच्या इन्फेक्शनमध्येही ते वाढतं, म्हणून नुसत्या त्यावर निदान होत नाही). अन् शुगर-बीपीवाल्यांसाठी साधी टेस्ट म्हणजे लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (अल्ब्युमिन म्हणजे एक प्रोटीन), तो 30 mg/g च्या खाली हवा. माझ्या आईचं क्रिएटिनिन 0.9, सगळे निश्चिंत, अन् लॅबवाल्याने लघवीत पट्टी बुडवली तर पिवळा चौकोन बघता बघता हिरवा, म्हणजे लघवीत प्रोटीन, अन् रेशो आला 180. ताप किंवा जास्त व्यायामानेही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं म्हणून डॉक्टरांनी परत करायला लावली, सकाळच्या पहिल्या लघवीची, तेव्हाही वाढलेलंच, मग औषध बदललं.

शुगर असेल तर वर्षातून एकदा ही टेस्ट कराच, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या (त्यांनी किडनीला त्रास होऊ शकतो) मनानेच रोज घेणाऱ्या काकवांनी डॉक्टरांना ते सांगा.