मावशीचं धाब्याचं घर
आजोळच्या पडक्या घरावरचा एक लेख वाचला आणि खानदेशातल्या चोपड्याकडचं मावशीचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर डोळ्यांपुढे आलं. बावीस वर्षांनी यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे गेलो. मागची भिंत ओल धरून फुगली आहे; पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकणारं आता कुणी उरलं नाही. पण चुलीमागे मांडे भाजायचं ते मातीचं खापर तसंच होतं, आतून काळंकुळकुळीत. चुलीवर ते पालथं घालून, दोन्ही हातांवर फिरवत मोठा केलेला पुरणाचा मांडा मावशी त्यावर अलगद सोडायची. आम्ही पोरं धुरात डोळे चोळत बसायचो. मावसभाऊ आता स्लॅब टाकणार आहे. त्याचंही खरंच, गळक्या घरात लेकरं घेऊन राहायचं कसं? तरी सागाच्या खांबाला हात लावला आणि गळा दाटून आला. खापर मी त्याच्याकडून मागून आणलंय.