कट्ट्यावर सळया बसवायच्या का?

शशीने खिशातून कागद काढला तेव्हा दुसरा कटिंग यायचा होता. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याच्या खिशात कायम कसला तरी कागद असतो. ह्या वेळी कोटेशन होतं. कंपाउंडच्या भिंतीला लागून जो कट्टा आहे, ज्यावर आम्ही गेली कित्येक वर्षं बसतो, त्यावर टोकदार लोखंडी सळया बसवण्याचं. रात्री लोक येऊन झोपतात म्हणून.

"मग आपण कुठे बसायचं?" मंग्याचा पहिला प्रश्न.

"आत गार्डनमध्ये बाक आहेत की."

"तिथे तू सिगरेट ओढू देत नाहीस."

हसणं झालं, पण शशी हसला नाही. त्याच्याकडे यादी तयार होती. सकाळी झाडायला येणाऱ्या बाईला काय काय उचलावं लागतं. गेल्या महिन्यात दोन दारुड्यांची मारामारी झाली, काच फुटली. "मी काय राक्षस आहे का? पण हे सोसायटीने का निस्तरायचं? सरकारने सोय करावी. टॅक्स भरतो आपण."

खरी गोम अशी की सध्या कट्ट्यावर दारुडे नाहीत. दहाएक दिवसांपासून एक नवरा-बायको झोपतात. जळगावकडचे. बाईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये लाईट चालू आहे (आमच्याकडे रेडिएशनला सगळे लाईटच म्हणतात), सोमवार ते शुक्रवार रोज, अजून बरेच आठवडे. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती उशाला घेते. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत नंबर लावलाय म्हणाला तो. लालबाग-परळमध्ये राहणाऱ्याला ही माणसं नवीन नाहीत. हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर ती दिसतातच, बस चुकवायची नसली की आपण त्यांच्या चुलीला वळसा घालून जातो.

"सोय केली होती की सरकारने," नंदू म्हणाला. "इथून हाकेच्या अंतरावर. विसरलास?"

विसरलं कोणीच नव्हतं, विषय मात्र कोणी काढत नाही. मे २०२१. करी रोडला पुनर्विकासात म्हाडाच्या वाट्याला आलेले १०० फ्लॅट, प्रत्येकी ३०० चौरस फुटांचे, टाटाच्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं. शरद पवारांच्या हस्ते चाव्या दिल्या, फोटो छापून आले. जमीन विकत घ्यायची नाही, बांधायचं नाही, घरं तयार. महिन्याभरात स्थानिक रहिवाशांची तक्रार घेऊन आमदार मुख्यमंत्र्यांकडे गेले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मग गृहनिर्माणमंत्री आव्हाडांनी लगेच भोईवाड्याला, बॉम्बे डाईंगच्या आवारात, तेवढीच १०० घरं देतो म्हणून जाहीर केलं.

"बघ, निघाली ना दुसरी?" शशी म्हणाला.

"निघाली. एका दिवसात निघाली. म्हणजे घरं होती. मग इतकी वर्षं ती माणसं फुटपाथवर काय हवा खायला झोपत होती?"

ह्यावर शशीकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. त्या वेळी आमच्या ग्रुपवर 'पेशंटविषयी सहानुभूती आहे, पण राहत्या इमारतीत रोज परकी माणसं नकोत' असा मेसेज फिरला होता. मी त्याला अंगठ्याचा लाईक दिला होता. नंदूला ते आठवत असेल तर तो बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

इतका वेळ गप्प बसलेले प्रभाकाका मग सुरू झाले. काका ८२ च्या गिरणी संपातले. त्यांच्यापुढे जमिनीचा विषय निघाला की चहा गार होतो. "जागा नाही म्हणून सांगू नका मला. १९९१ साली नियम केला. गिरणीची जमीन विकायला काढली की एक हिस्सा पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. सरळ वाटणी. २००१ ला त्यात बारीक दुरुस्ती. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची! शेड उभी असेल ती जमीन हिशेबात नाही. अरे, गिरणी म्हणजे शेडच ना? मोकळं काय असतं, गेटापासून खात्यापर्यंतचा रस्ता?" उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला होता, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. काकांना २०१२ च्या सोडतीत घर लागलं नाही, पुढेही नाही. ते अजून मुलाकडे राहतात. त्यामुळे त्यांना 'काका, शांत व्हा' म्हणायचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नाही.

"बरं, जमीन गेली. पैसा?" नंदूने तोंड तायडेंकडे वळवलं. तायडे साहेब पालिकेतून निवृत्त. साहेब आम्ही चेष्टेने म्हणतो, पण त्यांना ते आवडतं.

तायडेंनी आधी आमचा उत्साह कमी केला. पालिकेच्या ठेवी ८० हजार कोटींच्या घरात आहेत, हे ऐकून लोकांचे डोळे फिरतात. पण त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांचा पीएफ, पेन्शन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा असा बांधलेला असतो, उरलेल्यावर मोठ्या प्रकल्पांची नजर. "ते सोड. बेघरांसाठी वेगळा पैसा होताच. २०१३ ते २०२४ केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात शहरी निवाऱ्यांची योजना होती. लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट. २०११ ची मुंबई १ कोटी २४ लाखांची. म्हणजे किती?"

"१२४," मंग्या म्हणाला. केटरिंगवाला आहे, ताटं मोजून हिशेब पक्का झालाय.

"त्याच्या आसपाससुद्धा नाहीत. आणि त्याच जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजलेले बेघर ५७ हजारांवर. पोलिसांना घाबरून कोपऱ्यात सरकलेले सोडून. देशभर हीच रड. निवारे नाहीत आणि पैसा जातो कुठे हे बघायला सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती गंभीरांची समिती नेमावी लागली. पैसा आला रे. पण वॉर्डात जागा दाखवायची म्हटलं की प्रत्येकाला दुसरा वॉर्ड आठवतो."

शशी म्हणाला, "मग माहुलला न्या. तिकडे पालिकेची हजारो घरं रिकामी आहेत."

"रिकामी का आहेत ते विचार," तायडे म्हणाले. रिफायनरीच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांना नेऊन टाकलं, माणसं आजारी पडली, प्रकरण कोर्टात गेलं. आता ती घरं पालिकेने स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तर तेही नको म्हणतात. "आणि दादरच्या फुलबाजारात पहाटे गोणी उचलणारा माणूस माहुलला झोपून कसा पोचणार? फुटपाथ स्वस्त म्हणून नाही, कामाला लागून म्हणून झोपतो तो."

मंग्याने मान डोलावली. त्याच्याकडची वाढपी पोरं अशीच. त्याने दोघांना एका निवाऱ्यात नेऊन सोडलं होतं, तिसऱ्या दिवशी परत. लग्न आटपतं रात्री दीडला, तेव्हा तिथलं दार बंद. कागदावर निवारा चोवीस तासांचा.

"म्हणजे जागा हवी ती इथेच," नंदू म्हणाला. "शंभर माणसं, ५० फूट. पाच हजार चौरस फूट. आपल्या शाळेचे वरचे दोन मजले बंद आहेत."

इथे खरा भडका उडाला. आपली शाळा म्हणजे पालिकेची, जिथे आम्ही चौघं सातवीपर्यंत होतो. मंग्या, जो आतापर्यंत बेघरांच्या बाजूने होता, उभाच राहिला. "मराठी शाळेत निवारा? आज दोन मजले, उद्या शाळाच गुंडाळतील. पटसंख्या नाही म्हणून त्यांना निमित्तच हवंय."

"पटसंख्या का नाही? तुझी पोरगी कुठे शिकली?"

"तो विषय वेगळा आहे."

वेगळा नव्हता, पण मंग्याची भीतीही खोटी नव्हती. सरकारी जागेचं एकदा 'वापराविना' असं नाव पडलं की ती कोणाच्या घशात जाईल ते गिरणगावाला सांगायला नको. पण मला वाटतं, कुलूप लावून राखलेली जागा वाचत नाही. तिथे माणसं असली तर निदान कोणीतरी ओरडायला असतं. हे मी बोललो, तर काका म्हणाले, "संपातसुद्धा गिरणीत माणसं होती रे." त्यावर काय बोलणार?

अकराला दहा कमी असताना तायडेंनी हनुवटीने रस्त्यापलीकडे खूण केली. बंद दुकानाच्या पायरीपाशी तो जळगावचा माणूस उभा होता, काखेत चटई. बायको पायरीवर बसली होती. आम्ही उठेपर्यंत तो इकडे येत नाही, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

काका आधी उठले. शशीने कागद घडी घालायला घेतला. "रविवारी मीटिंग आहे, तिथे ठरवू. सह्या तिथेच घेतो."

"दाखव बघू," म्हणत तायडेंनी कागद दिव्याखाली धरला, चष्मा वर केला. "हे काय लिहिलंय, 'जागा सोसायटीच्या मालकीची'? भिंतीच्या बाहेरचा सगळा फुटपाथ पालिकेचा आहे, शशी. हा कट्टापण. ते आधी खोड."